मालियाच्या मधमाश्या आणि आबांचा रवा

सोनसळी

गेल्या मे महिन्यात क्रीट बेटावर जाणं झालं. हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात एका काचेच्या पेटीसमोर मी पाऊण तास उभी होते. आत सोन्याचं एक पदक, जेमतेम साडेचार सेंटिमीटर रुंद. दोन मधमाश्या समोरासमोर वाकलेल्या, पाय एका गोल पोळ्यावर टेकवलेले, दोघींच्या मध्ये मधाचा थेंब. डोक्यांवर तारेचा इवलासा पिंजरा आणि पिंजऱ्यात सुटी सोन्याची गोळी. खाली तीन चकत्या लोंबतात. मालिया गावाजवळच्या क्रिसोलाक्कोस या दफनभूमीत फ्रेंच उत्खननात १९३० साली हे पदक मिळालं. काळ इ.स.पू. १८०० ते १७००. क्रिसोलाक्कोस म्हणजे सोन्याचा खड्डा.

माझे डोळे मात्र त्या पोळ्यावरच खिळले होते. त्यावर रवे, म्हणजे सोन्याचे बारीक गोल दाणे आहेत. एकेक रवा गोल, सुटा दिसणारा, शेजारच्याला टेकलेला आणि तरी दोघांच्या मध्ये सावलीची बारीक रेघ. ते काम मला ओळखीचं होतं. लहानपणी आमच्या माजघरात मी ते रोज बघितलंय.

आबांचं स्वतःचं दुकान नव्हतं. कोल्हापूरच्या गुजरीतल्या पेढ्यांची कामं ते घरी आणायचे. बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर, मांडी घालून बसायचे आणि गालात हवा धरून फुंकणी चालवायचे. ती फुंक मध्ये तुटायची नाही. नाकानं श्वास आत घेत असतानाही तोंडातून ज्योतीवर वारा चालूच. रवे जागेवर धरायला ते गुंज सहाणेवर चंदनासारखी उगाळायचे. त्या पांढऱ्या चिकट लेपात टाकणखार आणि डाखाचा, म्हणजे जोड देणाऱ्या धातूचा, कीस कालवायचे आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक रवा उचलून बसवायचे. त्या वेळी घरात कुणी शिंकायचं नाही. गुंजेनंच सोनं जोखायचं आणि गुंजेनंच चिकटवायचं, हे मला तेव्हा अगदी साधं वाटायचं.

म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर कुणीतरी असाच श्वास धरून बसलं होतं. पेटीसमोर मला रडू आलं, ते लिहायला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बंदराजवळच्या एका दुकानातून त्याच मधमाश्यांचं चांदीचं पदक घेतलं. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की एकेक रवा हातानं लावलाय. हॉटेलवर येऊन दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि पोटात खड्डा पडला. रवे खालून भरलेले, बुडाशी पसरट, जणू साबणावर उमटवलेले. अख्खं पदक साच्यातून ओतलेलं. पैशांचं दुःख फार नाही. पण जे काम करायला आयुष्य जातं, त्याचं नाव असं फुकट वापरलं गेलं, ते लागलं.

आबा जाऊन १४ वर्षं झाली. त्यांची हत्यारं माझ्याकडे आहेत. मी चांदीत थोडंफार काम शिकलेय, पण रवा कधी लावला नाही. आता लावायचाय. इथं धातूतलं कळणारी, ग्रीस-इटलीत राहणारी, जुन्या दागिन्यांची आवड असणारी बरीच मंडळी आहेत. कृपया बोला.

अथेन्सकर

फार आतून लिहिलंय. मी ११ वर्षं अथेन्समध्ये आहे, म्हणून खरेदीबद्दल थोडं सांगतो.

इथं 'प्राचीन' दागिन्यांचे तीन थर आहेत. पर्यटकांच्या गल्लीतला माल बहुतेक ओतीव असतो. क्रीटमधली चिन्हांनी भरलेली फेस्टोसची तबकडी, अथीनाचं घुबड, निळा डोळा, काठाकाठानं वळत जाणारी मीअँडरची नक्षी. ओतीव असणं हा गुन्हा नाही, ओतीव म्हणून विकलं तर. दुसरा थर संग्रहालयांच्या अधिकृत दुकानांचा. तिथं नक्कल आहे असं स्पष्ट लिहून दिलेलं असतं. तिसरा थर स्वतः बाकावर बसून काम करणाऱ्या लोकांचा. त्यांना 'हे कसं केलं?' एवढंच विचारा. खरा कारागीर हत्यार काढून दाखवायला लागतो.

आज जे सगळीकडे दिसतं त्याची आधुनिक सुरुवात बरीचशी इलियास लालाउनिस या सोनाराकडे जाते. १९५७ साली थेसालोनिकीच्या जत्रेत त्यांनी मिनोअन (प्राचीन क्रीटच्या) आणि मायसीनी (प्राचीन ग्रीसच्या) घडणीवरून केलेले दागिने मांडले. त्याआधी इथल्या श्रीमंत घरांना पॅरिसच्या पद्धतीचे हिरे हवे असत. मातीतून निघालेलं सोनं संग्रहालयात ठेवायचं, अंगावर नाही. अॅक्रोपोलिसच्या दक्षिण उताराखाली त्यांच्या नावाचं दागिन्यांचं संग्रहालय आहे. अथेन्सला आलात तर तिथला अर्धा दिवस वाया जाणार नाही.

आणि एक कळकळीचं. कुणी 'खरा जुना' मणी किंवा नाणं कानात सांगून विकायला आलं तर हातही लावू नका. तसली वस्तू देशाबाहेर नेणं गंभीर गुन्हा आहे, आणि कबरी फोडणाऱ्यांचं पोट त्यावरच चालतं.

धातुवेडा

मी धातुशास्त्र शिकवतो, म्हणून रव्याच्या जोडाबद्दल लिहितो. यात खरोखर एक सुंदर कोडं होतं.

रवा होणं सोपं. सोन्याचा कण वितळला की पृष्ठताण त्याला आपोआप गोल करतो. कठीण आहे ते चिकटवणं. साधा डाख वापरला तर तो वितळून दोन रव्यांमधल्या खाचेत भरतो, सावली बुजते आणि नक्षी लोण्यात बुडाल्यासारखी दिसते. इ.स.पू. सातव्या शतकात इटलीत राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या कामात असा पूर कुठं दिसत नाही, आणि त्यांचे रवे काही ठिकाणी मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढे आहेत. वेतुलोनिया भागातलं काम तर नुसत्या डोळ्यांना सोन्याची धूळ बसल्यासारखं दिसतं.

१८३६ साली रोमजवळच्या चेर्वेतेरीत रेगोलिनी-गालास्सी नावाची एट्रुस्कन कबर उघडली. तिथलं सोनं आज व्हॅटिकनमध्ये आहे. रोममधले सोनार फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी ते बघून झपाटले. इटलीच्या मार्के भागातल्या सांतआंजेलो इन वादो या डोंगरगावात जुन्या पद्धतीनं काम करणारे लोक अजून आहेत असं कळल्यावर कास्तेल्लानींनी त्यांना रोमला आणलं. त्यांच्या मुलांनीही जन्मभर प्रयोग केले. बरंच साधलं, पण एट्रुस्कन धूळ-रवा हाती आला नाही.

उकल पुढं १९३० च्या दशकात लिटलडेल या इंग्रज माणसानं मांडली. सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. पण दोन्ही भिडली की त्यांचं मिश्रण ९०० च्या आगेमागेच पातळ होतं. म्हणून तांब्याचं संयुग, समजा मॅलाकाइटची पूड, डिंकात कालवायचं आणि त्यानं रवे बसवायचे. तापवत गेलं की आधी संयुगाचं ऑक्साइड होतं, मग डिंक जळून कोळसा होतो. साडेआठशेच्या सुमारास तो कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तांब्याचा अतिशय पातळ थर मागं राहतो. रवा जिथं पत्र्याला टेकलाय तिथंच तो सोन्यात जिरतो, एक बारीक मान धरते. बाकी रवा कोरडाच. वेगळा डाख नसल्यामुळे पूर येत नाही.

ही कल्पना अगदीच नवी होती असंही नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सोनं जोडायच्या मिश्रणात सायप्रसचा जंगाल, वयात न आलेल्या मुलाचं मूत्र आणि खार सांगतो. जंगाल म्हणजे तांब्याचंच संयुग. कृती पुस्तकात होती, पण ती वाचून हात तयार होत नाहीत.

सोनसळीताई, तुम्ही शुद्ध चांदीत करा. चांदी ९६२ अंशांना वितळते, चांदी-तांब्याचा जोड ७८० ला धरतो. हाताशी बरंच अंतर मिळतं. आणि गुंजेबद्दल: तिच्या बीत अत्यंत जहाल विष आहे. उगाळताना हातमोजे घाला, सहाण वेगळी ठेवा, घरात मूल असेल तर कडीकुलपात.

शेवंती

धागा वाचून मन भरून आलं. माझा प्रश्न वेगळा आहे. भाचीचं लग्न ठरलंय. तिनं कुठंतरी ग्रीक पुराणातल्या हेराक्लीसच्या नावाची 'हेराक्लीसची गाठ' असलेली अंगठी बघितली आणि तशीच हवी म्हणते. आईला वाटतं, दुसऱ्यांच्या देवाचं चिन्ह लग्नात कशाला. कुणी या गाठीबद्दल सांगाल का?

अथेन्सकर

शेवंतीताई, आईंना सांगा की ही गाठ त्यांना रोज मारता येते. दोन फास एकमेकांत अडकवलेली सपाट गाठ, जी ओढली की घट्ट होते. जखमेची पट्टी हिनं बांधली तर जखम लवकर भरते असा प्राचीन लोकांचा विश्वास होता. अलेक्झांडरनंतरच्या काळातल्या सोन्याच्या मुकुटपट्ट्यांवर मधोमध हीच गाठ असते, बहुधा लाल गार्नेट जडवलेली. आणि रोमन नवरीच्या कमरेचा लोकरी पट्टा याच गाठीनं बांधलेला असायचा, तो नवऱ्यानं सोडायचा. उपरण्या-शेल्याची गाठ मारणाऱ्या घरात ही गाठ परकी वाटू नये.

टिपकागद

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आपल्या ठुशीकडे, कोल्हापुरी साजाकडे कुणी पाऊण तास बघत उभं राहत नाही. साजात मासा आहे, कासव आहे, नाग, चंद्र, शंख, बेलपान आहे. प्रत्येक पानड्याला अर्थ आहे. तो आपल्या मुलींना सांगता येत नाही आणि क्रीटच्या माश्यांचा अर्थ मात्र पाठ. दुसरं म्हणजे, 'प्रेरित' या शब्दाखाली निव्वळ नक्कल चालते. मेलेल्या माणसाच्या कबरीतून काढलेली वस्तू बघून तिची पदकं काढायची आणि विकायची, यात कला कुठं आहे?

सोनसळी

टिपकागद, तुमचं पहिलं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. माझ्याच आजीचा साज मी नीट वाचला नव्हता. परत आल्यावर काढून बसले. तो वाचावासा वाटला तो मात्र हेराक्लिऑनमध्ये. दोन्हींत तीच गोष्ट आहे: अंगावर वागवायचा एक लहानसा प्राणी. त्याचा अर्थ बाईला ठाऊक असतो आणि बघणाऱ्याला तो फक्त सुंदर दिसतो. मालियाच्या माश्यांचा मूळ अर्थ तर आज कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. काही अभ्यासक त्या मधमाश्या नसून गांधीलमाश्या आहेत म्हणतात. फेस्टोसच्या तबकडीवरची ४५ वेगवेगळी चिन्हं अजून वाचता आलेली नाहीत, तरी हजारो गळ्यांत ती तबकडी आहे. अर्थ हरवला, घाट टिकला.

नकलेबद्दल माझं मत पक्कं आहे. नक्कल करताना हात शिकत असेल तर ती विद्या आहे. कास्तेल्लानी कुटुंबानं नकलाच केल्या, आणि त्या खोट्या जुन्या म्हणून खपवल्या नाहीत. आपली खूण उमटवून विकल्या. त्यांचा स्वतःचा संग्रह रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. जुनं सोनं आणि त्यांचं नवं, दोन्ही. फरक बघणाऱ्यानं बघावा. मला दुकानदाराचा राग आला तो नक्कल केली म्हणून नाही, हात लावला नसताना हातानं केलं म्हणाला म्हणून.

जुनी_नाणी

टिपकागद, 'आपलं' आणि 'भूमध्य समुद्रातलं' ही रेघ तुम्ही ओढता तितकी सरळ नाही. आपल्या पुतळ्यांच्या माळेचंच बघा. पुतळी हे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. १२८४ पासून पाडायला लागले आणि १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचा घाट आणि वजन, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ बदललं नाही. सोनं इतकं चोख की अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर ते डोळे मिटून घेतलं जाई. एका बाजूला संत मार्क उभा राहून गुडघे टेकलेल्या व्हेनिसच्या सत्ताधीशाच्या हाती निशाण देतोय, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. शिवकाळातल्या खजिन्याच्या नोंदींत पुतळी आहे. आपल्या बायकांनी ती दोऱ्यात ओवली, सोनारांनी तिच्या नकला पाडल्या, अक्षरं न कळल्यामुळे नुसत्या रेघा झाल्या, आणि पुढं त्या दोन आकृत्यांत कुणाला राम-सीता दिसले. आज पेढीत मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते.

त्याच्याही आधीचं सांगतो. तेर आणि कोल्हापूरच्या सातवाहनकालीन थरांत रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत, तिबेरियस बादशहाच्या नाण्यावरून केलेल्या, टांगायला भोक किंवा कडी असलेल्या. ज्याला सोन्याचं रोमन नाणं परवडत नव्हतं त्यानं मातीचं गळ्यात घातलं, बहुधा वर सोन्याचा मुलामा देऊन. भूमध्यसागरी चिन्हावरून केलेले दागिने म्हणून आपण ज्याबद्दल बोलतोय, ते मराठी मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी गळ्यात होतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती निघाली; टाउन हॉल संग्रहालयात ती आहे. सोनसळीताई, आबांच्या गुजरीपासून ती जागा चालत जाण्याएवढी जवळ.

टिपकागद

पुतळीचं माहीत नव्हतं. मातीच्या पदकांचंही नाही. तेरचं संग्रहालय बघून येतो आणि मग पुन्हा लिहितो. साजाबद्दलचं म्हणणं मात्र मागं घेत नाही.

हुपरीकर

नमस्कार. तीन पिढ्या चांदीत आहे. सहसा वाचतो, लिहीत नाही. आज लिहितोय.

ताई, रवा पाडताना नेम एकच: तारेची जाडी जेवढी, तुकडा तेवढाच लांब कापायचा. म्हणजे रवे एकसारखे पडतात. पॉइंट तीन मिलिमीटरची तार पॉइंट तीन कापली तर रवा साधारण पॉइंट चौतीसचा येतो. कोळशाची पूड मैद्यासारखी चाळून घ्या. मुशीत पुडीचा थर, वर तुकडे पसरून, पुन्हा थर. तुकडे एकमेकाला लागले की दोनाचा एक मोठा रवा झाला म्हणून समजा. मूस आतपर्यंत लाल होऊ द्या, घाई नको. गार झाल्यावर पाण्यात धुतलं की कोळसा तरंगतो, रवे तळाला बसतात. मग चाळणीनं निवडा. एक रवा मोठा असला की ओळ वाकते.

लावायच्या आधी पत्रा आणि रवे चकचकीत स्वच्छ पाहिजेत. बोटाचं तेलही चालत नाही. जाळ वरून मारू नका, रवे उडतात. खालून तापवा. पत्र्यावर पाण्यासारखी झळाळी एक क्षण येते, तेव्हाच जाळ काढायचा. तो क्षण सांगता येत नाही, बघूनच कळतो. दोन मोजेपर्यंत उशीर झाला की सगळं वितळून गोळा.

ओतीव कामाबद्दल: आम्हीही करतो. गिऱ्हाईक ग्रॅमवर घडणावळ देतं. रव्याच्या कामाला दिवस जातो आणि वजन वाढत नाही. दिवसाचे पैसे कोण देणार? त्यामुळं पोरं रवा शिकत नाहीत. माझ्या वडलांएवढा बारीक रवा लावणारा आता आमच्या गल्लीत कुणी उरला नाही. तुमच्यासारखं कुणी विचारतंय, एवढं बघून बरं वाटलं.

सोनसळी

हुपरीकर काका, हे मी वहीत उतरवून घेतलं. नमस्कार करते.

सोनसळी

तीन आठवड्यांनी परत येतेय.

पहिला प्रयत्न: गुंज उगाळली (हातमोजे घालून, वेगळ्या सहाणेवर), त्यात तांब्याची पूड. २१ रवे एका वर्तुळात. जाळ वरून लागला, नऊ उडाले. दुसऱ्यात पत्रा मळका राहिला असावा. सगळे बसले असं वाटलं आणि ब्रश फिरवताच दाण्यासारखे गळाले. तिसऱ्यात काकांनी सांगितलेली झळाळी दिसली. मी ती बघतच राहिले. गोळा झाला.

चौथ्या वेळी खोलीतले दिवे मालवले. आबा नेहमी अर्धवट अंधारात का बसायचे ते तेव्हा समजलं: उजेडात लाल रंगाची पायरी दिसत नाही. झळाळी आली, जाळ काढला. २१ पैकी १९ बसले. भिंगाखाली रव्यांच्या मध्ये सावली आहे. भरलेली नाही. फोटो टाकलाय, उजव्या बाजूच्या दोन रिकाम्या जागाही तशाच ठेवल्यात.

धातुवेडा

फोटो मोठा करून पाहिला. मान स्पष्ट दिसते. पहिल्याच महिन्यात! ते दोन बहुधा पत्र्याला टेकलेच नव्हते. लेप वाळताना थोडे उचलले गेले असतील. लेप अगदी मंद उबेवर वाळवा.

हुपरीकर

जोड चांगला आहे. तांबं किंचित जास्त झालंय, कडेला लालसर दिसतं. पुढच्या वेळी निम्मं घ्या. वर्तुळ आतून बाहेर लावत जा, बाहेरून आत नको.

शेवंती

जुनी_नाणी यांचं वाचून आईच्या पुतळ्यांची माळ काढली. सतरा पुतळ्या. सोळांवर लक्ष्मी. एक मधली वेगळी, घासून गुळगुळीत झालेली, पण तिरपी धरली की काठी धरलेले दोघं दिसतात, एक उभा आणि एक वाकलेला. कडेला अक्षरांसारख्या रेघा. आई म्हणाली, ती एक तिच्या पणजीची, बाकीच्या नंतर करवून घेतल्या. मग स्वतःच म्हणाली, गाठीची अंगठी करू दे पोरीला.

हुपरीकर काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. गाठ तारेची हवी, ओतीव नको. दिवसाच्या हिशेबानं घडणावळ सांगा.